आधीच छापलेली आतषबाजी

माझ्याकडे १७४९ सालच्या लंडनमधल्या आतषबाजीचं एक जुनं छापचित्र आहे. कागद कडेने पिवळा पडलाय, पण तांब्याच्या पत्र्याचा दाब अजून बोटाला लागतो. ग्रीन पार्कात उभारलेलं लाकडी मंदिर, वर फुटलेले बाण, सगळं कसं जागच्या जागी! भिंग लावलं की गंमत कळते. ठिणग्या काढलेल्याच नाहीत. भोवती बारीक रेघांनी अंधार विणलाय आणि ठिणगीपुरता कोरा कागद सोडलाय.

खरी गोष्ट मात्र चित्रात नाही. अशी चित्रं बऱ्याचदा कार्यक्रमाच्या आधीच कोरून विक्रीला तयार असत. प्रत्यक्षात २७ एप्रिलला पाऊस आला, मंदिराच्या एका बाजूचा मंडप पेटला आणि तो उभारणाऱ्या सर्व्हान्दोनीने संतापून आतषबाजीच्या प्रमुखावर चक्क तलवार उपसली. अटक झाली त्याला. कोरणाऱ्या बिचाऱ्याला यातलं काय ठाऊक असणार?

नंतर कुणीतरी हाताने लाल-निळा रंगही भरलाय. तेव्हाची दारू बहुतेक सोनेरी-पांढरीच जळायची. झगझगीत रंग एकोणिसाव्या शतकात क्लोरेट नावाच्या रसायनामुळे आले. चूकच ती. पण तो निळा मला फार आवडतो.