आबांची वही

चार वर्षांपूर्वीचा मे महिना. जळगाव एमआयडीसीतला चटईचा कारखाना, पारा पंचेचाळिशीला टेकलेला, डोक्यावर तापलेले पत्रे. दुपारी तीनला पाळी बदलताना आबांनी पहिल्या पाळीतल्या पोराचा डबा लाथेनं उडवला. पोरानं त्यांची कॉलर धरली. आबा म्हणजे अठरा वर्षांत कुणाला ‘अरे’ न म्हणालेला माणूस.

“पंख्यावरून झालं,” सुपरवायझर म्हणाला. “दोघांना नोटिसा दे,” शेठ म्हणाले. मी टाइप करायला घेतल्याही. प्रकरण मिटवण्यापेक्षा उरकण्याची मला तेव्हा फार घाई असायची.

सहीसाठी आबांना ऑफिसात बोलावलं, चहा सांगितला. चहावर साय धरली तरी आबा गप्प. मग खिशातून विडीच्या बंडलाएवढी वही काढून त्यांनी टेबलावर ठेवली. तारखा, आणि पुढे नुसत्या वेळा: ३.२५, ३.४०, ३.३०. लूम, म्हणजे चटई विणायचा माग, प्रत्यक्षात सुरू झाल्याच्या. तीन महिन्यांच्या.

“मन्ही पाळी उनी की लूम उपाशीच ऱ्हास, साहेब.”

आबांची कायम दुसरी पाळी. लूमवर यावं तर बॉबिन, म्हणजे पट्टी गुंडाळलेली रिळं, रिकाम्या. नव्या आणायच्या, चढवायच्या, तुटलेली पट्टी जोडायची, यात अर्धा तास जायचा. आणि बोनस विणलेल्या मीटरवर. पंखा त्या अर्ध्या तासापुरता आपल्याकडे वळलेला असावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पोराला बोलावलं, तोच खोडी काढतोय असं धरून. तो उसळला. “अडीचनंतर स्टोअरमधून बॉबिन मिळते का? तुम्हीच जाऊन बघा की!”

गेलो. स्टोअरकीपरनं भिंतीकडे बोट केलं. पाळीचा हिशेब जुळावा म्हणून पाळी सुटायच्या अर्धा तास आधी वाटप बंद, असा कागद. फेब्रुवारीतला. खाली माझी सही. म्हणजे इतरांचंही तेच होत असणार. लिहून ठेवलं एकट्या आबांनी.

गेटवर तक्रारपेटी होतीच. उघडली तर गुटख्याच्या पुड्या. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथं तक्रार निवारण समिती हवी, तिच्यात निम्मे सदस्य कामगारांचे, हे तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात २०१० च्या दुरुस्तीनं आलेलं. समिती आमचीही होती, फाइलीत. तिच्यातला एक जण सुरतेला निघून गेल्याला दोन वर्षं झाली होती. नवी नावं कामगारांनीच दिली. पहिल्या बैठकीत आबांची वही मी वाचून दाखवली, आणि भिंतीवरचा तो कागदही. कागद काढला; येणाऱ्या पाळीच्या बॉबिन आधीच लूमजवळ ठेवायचं ठरलं. बुडालेल्या बोनसवर मात्र दोन बैठका गेल्या. शेठ निम्म्यावर आले.

डब्याबद्दल आबांना आणि कॉलरीबद्दल पोराला तोंडी समज दिली. दोघं अजूनही कामापुरतंच बोलतात. वही आबांच्या खिशात असतेच.