‘बनिन्’ नाही, ‘हुनुभयो’ म्हण

मुक्तिनाथ झालं, पोखरा झालं, फेवा तलावात होडीही झाली. फोटो आत्याच्या फोनमध्ये आहेत. कुणाला हवे असतील तर तिला सांगा, नको असतील तरी ती पाठवतेच. मला लिहायचंय १२ सप्टेंबर २०२५च्या संध्याकाळबद्दल, आणि खरं तर त्या संध्याकाळी आम्ही काठमांडूत असायलाच नको होतो.

परतीचं विमान १० तारखेचं होतं. सरकारने फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब धरून २६ ॲप्स बंद केली होती. ८ तारखेला पोरं रस्त्यावर उतरली आणि त्याच दिवशी १९ जण मारले गेले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला आणि संसद, सिंहदरबार (म्हणजे तिथलं मंत्रालय), सर्वोच्च न्यायालय सगळं पेटलं. आम्ही गेस्टहाऊसच्या गच्चीवरून धूर बघत होतो. वाळत घातलेले कपडे संध्याकाळी काढले तर आत्याच्या पांढऱ्या ओढणीवर काळे कण. विमान कंपनीने १४ची तारीख दिली, तीही आत्याने फोनवर रडून दाखवल्यावर. मधले दिवस म्हणजे संचारबंदी, डाळभात आणि पत्ते.

खाली शटर ओढलेलं असल्याने सगळी जनता स्वयंपाकघरात जमायची. मालकांची म्हातारी आई, जिला सगळे हजुरआमा, म्हणजे आजी, म्हणतात. स्वयंपाक करणाऱ्या दिदी. आणि दिदींचा एकोणीस वर्षांचा मुलगा, जो बॅगा उचलतो, वायफाय सुरू करतो आणि उरलेला वेळ डिस्कॉर्डवर असतो. डिस्कॉर्ड हे गप्पा मारायचं ॲप मला भाच्याच्या व्हिडिओ गेममुळे माहीत. इथे त्याच्यावर हजारो पोरं पुढचा पंतप्रधान कोण यावर वाद घालून मतदान करत होती, आणि नाव पुढे आलं होतं सुशीला कार्कींचं. वय ७३, माजी सरन्यायाधीश, त्या पदावरच्याही पहिल्या बाई. २०१७ मध्ये त्यांच्याविरुद्ध संसदेत महाभियोग आणला गेला आणि शेवटी मागे घ्यावा लागला. पोरगा हे सगळं मला पाठ म्हणून दाखवत होता, जणू परीक्षा माझीच आहे.

हजुरआमाचा रस वेगळाच. ‘‘तिच्या नवऱ्याने विमान पळवलं होतं,’’ ती शांतपणे म्हणाली.

आत्याने पत्ते खाली ठेवले.

गोष्ट खरी आहे. १९७३ साली विराटनगरहून काठमांडूला निघालेलं छोटं विमान कार्कींचे पती दुर्गा सुबेदी आणि त्यांच्या साथीदारांनी बिहारमधल्या फारबिसगंजला उतरवलं. त्यात सरकारचे ३० लाख भारतीय रुपये होते, ते राजेशाहीविरुद्धच्या लढ्यासाठी नेले. प्रवाशांत हिंदी सिनेमातल्या नटी माला सिन्हा होत्या.

‘‘माला सिन्हा? आपली?’’ आत्या. त्यानंतरचा अर्धा तास शपथविधीचा विषयच निघाला नाही.

रात्री नऊ वाजून गेल्यावर कार्कींचा शपथविधी एकदाचा सुरू झाला. एका फोनवर सहा डोकी. शीतल निवासात, म्हणजे राष्ट्रपती भवनात, राष्ट्रपती पौडेल शपथ वाचतायत, समोर त्या. शेजारच्या गच्चीवरून शिट्टी आली, मग थाळीचा आवाज. पोरगा उडी मारून ओरडला, ‘‘पहिलो महिला प्रधानमन्त्री बनिन्!’’

‘‘हुनुभयो भन,’’ हजुरआमाने त्याच्या डोक्यात टपली मारली.

फरक मला पोरानेच समजावला. अर्थ दोन्हींचा ‘झाली’च. ‘बनिन्’मध्ये बाई कळते, पण ते बरोबरीच्या माणसासारखं बोलणं. ‘हुनुभयो’ आदराचं, आणि त्यात बाई की पुरुष ते कळतच नाही. आपल्या ‘झाल्या’मध्ये दोन्ही भागतं, म्हणून मला गंमत वाटली. पोरगा मात्र हटून बसला. बाई झाली हेच तर सांगायचंय, मग ते लपवू कशाला? हजुरआमाचं म्हणणं, पंतप्रधानांना तू मैत्रिणीसारखं बोलणार का?

आता माझा गाढवपणा. मला भरून आलं होतं. तीन दिवसांची भीती, ती ओढणी, सगळं एकदम. मी दिदींना मिठी मारायला गेले, ‘‘दिदी, बधाई हो!’’ दिदी लसूण सोलत होत्या. त्यांनी दोन्ही हात लांब धरले, बोटांना सालं चिकटलेली, आणि त्या तशाच अवघडून उभ्या राहिल्या. मग हिंदीत म्हणाल्या, ‘‘मुझे किस बात की?’’

मला राग आला, खोटं कशाला सांगू. मी इतकी भारावलेली आणि ही बाई लसणाकडे परत वळते!

दिदी जनकपूरच्या. (आत्या लगेच, ‘‘अगं, सीतेच्या माहेरची!’’) नवरा सीमेपलीकडे सीतामढीचा, तो दहा वर्षांपूर्वी गेला, आणि दिदी पोराला घेऊन परत आल्या. नेपाळच्या २०१५च्या राज्यघटनेत बाप नेपाळी आणि आई परदेशी असेल तर मूल वंशज, म्हणजे जन्माने, नागरिक. आई नेपाळी आणि बाप परदेशी असेल तर मुलाला मिळू शकते ती अंगीकृत, म्हणजे मागून घेतलेली, नागरिकता, तीही अर्ज करून. सोळा पूर्ण झाल्यापासून दिदींचे वडा (म्हणजे वॉर्ड) कार्यालयात हेलपाटे चालू आहेत. दर वेळी एक नवा कागद कमी. नागरिकतेचा दाखला नाही म्हणजे बँकेत खातं नाही, गाडीचा परवाना नाही, मतदारयादीत नाव नाही.

‘‘आणि अंगीकृत असला की पंतप्रधान होता येत नाही,’’ पोरगा फोनवरून मान वर न करता म्हणाला. ‘‘कलम २८९.’’

दिदींनी त्याला लसणाची वाटी दिली, ‘‘कूट.’’ तो कुटायला लागला, एका हाताने. दुसऱ्या हातात फोन, आणि त्यावर संसद बरखास्त, ५ मार्चला निवडणूक. खलबत्त्याच्या प्रत्येक घावासरशी फोन हलत होता.

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही, म्हणून मी कांदा चिरायला घेतला. जाड चिरला. दिदींनी तो बाजूला सारून स्वतः दुसरा चिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी संचारबंदी उठली. बातम्यांत नव्या पंतप्रधान इस्पितळात जखमींना भेटत होत्या. गल्लीत पोरं हातमोजे घालून काचा गोळा करत होती, आमचा पोरगाही त्यांच्यात. आत्याला पशुपतिनाथ हवं होतं, ते केलं, गर्दी नव्हती म्हणून दर्शन छान झालं. असं लिहायला कसंसंच वाटतं, पण झालं खरं.

१४ला निघताना पोराने बॅगा टॅक्सीत ठेवल्या. स्वयंपाकघरातल्या त्या रात्रीचे फोटो त्याला हवे होते, म्हणून त्याने नंबर लिहून दिला.

‘‘ट्रूकॉलरवर हजुरआमाचं नाव येईल,’’ तो म्हणाला. ‘‘सिम तिच्या नावावर आहे. फोन मीच उचलतो.’’