नवापुरात आता काय उरले आहे?

मी नवापूरचा, असे सांगितले की लोक बहुधा दोन प्रश्न विचारतात. पहिला स्टेशनचा. होय, १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा आमच्या स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रात राहिला आणि दुसरा गुजरातेत गेला. दुसरा प्रश्न असा: लाकडाचे ते गाव, आता तिथे काय उरले आहे? याचे उत्तर मला नीट द्यावेसे वाटते.

सुरत-भुसावळ लोहमार्गामुळे आसपासच्या जंगलातला साग दूरच्या बाजारात जाऊ लागला आणि गावात वखारी उभ्या राहिल्या. माझे वडील एका वखारीत मोजणी करीत. ओंडक्याच्या तोंडावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा, म्हणजे लाकूड रीतसर तोडल्याची खूण, दिसल्याशिवाय ते टेप लावत नसत. पावसाळ्यात ठशात चिखल बसलेला असे, तो बोटाने काढून, अक्षर ओळखून, मगच घेर वहीत लिहीत. संध्याकाळी त्यांच्या सदऱ्याला सागाच्या भुशाचा, ओल्या कातड्यासारखा वास येई.

१२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मंजूर कार्य आयोजनेबाहेरची, म्हणजे कुठे किती झाडे तोडायची हे ठरवणाऱ्या आराखड्याबाहेरची, वृक्षतोड थांबली आणि आरागिरण्यांवरही निर्बंध आले. जंगल आधीच विरळ झाले होते, त्यामुळे तो आदेश योग्यच होता असे मी आजही मानतो. पण त्याची झळ व्यापाऱ्यापेक्षा पाड्यांवरून येणाऱ्या हमालाला अधिक लागली, हेही मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पुढे कुक्कुटपालनाने गाव सावरले. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नेमका आमच्याकडे झाला, लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या आणि शेडवर काम करणारी माणसे एका आठवड्यात रिकामी झाली. धंदा पुन्हा उभा राहिला, तर २०२१ मध्ये तोच रोग परत आला.

मात्र २००६ च्याच डिसेंबरात संसदेने वनहक्क कायदा मंजूर केला. मोह, तेंदूपाने, बांबू यांवर ग्रामसभेचा हक्क त्यात मान्य झाला आहे, आणि मला खरी आशा तिथे वाटते. साग कापून गेला की पाड्यावर मजुरीच तेवढी उरत असे. मोहाचे झाड मात्र जागेवर राहते आणि पुढच्या चैत्रात पुन्हा फुले टाकते. ती फुले वेचणाऱ्या बाईला बाजारात काय भाव मिळतो, हे मी अलीकडे दरवर्षी विचारून येतो.