वावरातून दिल्लीला: पीएचडीचं केंद्र शोधताना

कापसाचा दुसरा वेचा संपला त्याच रात्री हिंगणघाटहून नागपूर आणि तिथून दिल्लीची गाडी धरली. निघताना बाबा म्हणाले, "आपल्याच कापसाले भाव नाही, अन् तू आफ्रिकेतला पाहाले चालली?"

माझा विषय नेमका तिथूनच निघाला होता. आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशाने 2008 मध्ये बीटी कापूस (बोंडअळीला रोखणारं जनुक घातलेलं वाण) लावला आणि धागा आखूड येतो म्हणून 2016च्या सुमारास सोडला. आपल्याकडे 2002 पासून आहे, अजून आहे. तिथे बियाणं देणाऱ्या आणि कापूस उचलणाऱ्या कंपन्या मोजक्या, त्यांनी नाही म्हटलं की संपलं. इथे जो तो कृषी केंद्रातून पाकीट आणतो. मग नाही म्हणायचं कोणी? हा शेतीपेक्षा तुलनात्मक राजकारणाचा, म्हणजे दोन देशांचं राजकारण शेजारी ठेवून पाहण्याचा प्रश्न आहे, असं मला वाटतं.

नवी दिल्ली स्टेशनवरून पिवळ्या लाइनने हौज खास, तिथे मॅजेंटा लाइन धरून मुनिरका. जेएनयूला (जवाहरलाल नेहरू विद्यापीठाला) तिथून रिक्षा मिळते. ओळखपत्र हाताशी ठेवा. मी मात्र डिसेंबरच्या शेवटी गेले, म्हणजे हिवाळी सुट्टीत. निम्मे प्राध्यापक गावाला! तुम्ही आधी ईमेल करून, वेळ घेऊनच जा.

जेएनयूच्या आंतरराष्ट्रीय अध्ययन संस्थेत तुलनात्मक राजकारणाचं केंद्र वेगळं आणि आफ्रिकेचं वेगळं. नाव वाचून मी पहिल्याकडे धावले होते. पण मला हवा होता एक प्रदेश, त्याची भाषा आणि तो कोळून प्यालेला मार्गदर्शक. आफ्रिकेसाठी दिल्ली विद्यापीठात 1955 पासूनचा विभाग आहे, मुंबई विद्यापीठातही केंद्र आहे. कुठे कोणाच्या हाताखाली कशावर प्रबंध झाले, ते शोधगंगा या प्रबंधांच्या वेबसाइटवर घरबसल्या दिसतं. हे मी परत आल्यावर पाहिलं. तुम्ही तिकीट काढण्याआधी पाहा.

हॉस्टेलवर यवतमाळची एक सीनियर ताई भेटली. तिने माली या आफ्रिकी देशाच्या कापसावरचा एक अहवाल झेरॉक्स करून ठेवला होता. सगळा फ्रेंच. पानभर बोट फिरवलं, 'कोतों', म्हणजे कापूस, एवढा एकच शब्द लागला, तोही तिने वाचून दाखवला म्हणून. "फ्रेंच नसेल तर माली विसर, केनिया घे," ती म्हणाली. मला राग आला, पण म्हणत होती ते खरंच. ज्यांना परदेशी भाषा नको त्यांनी तेलंगण घ्यावं: वेगळं राज्य त्यांना 2014 मध्ये मिळालं, विदर्भाला का नाही? मात्र त्यालाही तेलुगू लागेलच.

प्रवेशाचं थोडक्यात: एम.ए.ला सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा. पीएचडीला 2024-25 पासून नेट (यूजीसीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा). जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) नसेल तर निवडीत नेटच्या गुणांना 70 टक्के वजन, मुलाखतीला 30 टक्के, आणि नेटचे ते गुण वर्षभरच चालतात.

ओबीसींनो, नॉन-क्रिमीलेयर केंद्राच्या नमुन्यातच काढा. मी राज्याचं घेऊन गेले होते; ताईने एका नजरेत बाजूला ठेवलं. परतल्यावर सेतूत दोन खेपा झाल्या. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, तेही आधी बघा. दोन्ही याद्या सारख्या नाहीत.

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. परतताना माझं वेटिंगच राहिलं, इटारसीपर्यंत दाराशी बॅगवर बसून आले. फ्रेंचचं पहिलं पुस्तक तिथेच उघडलं.