काट्यापासून मागे

१७ जून २०२५, मंगळवार

आज दिवसभर कारखान्याच्या सीएमडीबीचा, म्हणजे कॉम्प्युटरशी जोडलेली कोणती वस्तू कशावर अवलंबून आहे याच्या नोंदींचा, आराखडा मांडत बसलो. ऑफ-सीझन आहे, गव्हाणीवर शुकशुकाट, मिल हाऊसकडून तेवढा वेल्डिंगचा आवाज. हे काम आत्ता झालं नाही, तर गाळप सुरू झाल्यावर होणारच नाही.

नुसती वस्तूंची यादी आमच्याकडे आहे. लेखा विभागाच्या नोंदवहीत प्रत्येक कॉम्प्युटर किमतीसकट सापडतो. आयकराच्या हिशेबात त्याला दरवर्षी ४० टक्के घसारा, म्हणजे एक लाखाचा सर्व्हर पाच वर्षांनी कागदावर ७,७७६ रुपयांचा उरतो. शेतकी ऑफिसचं सगळं काम त्याच सर्व्हरवर चालतं, हे मात्र त्या वहीतून कुणालाच कळणार नाही.

जानेवारीतली ती रात्र अजून डोक्यातून जात नाही. साडेअकराला उसाच्या गाड्या तोलायच्या काट्यावरून फोन आला, "साहेब, स्लिप निघंना." जाऊन बघतो तर इंडिकेटरवर (काट्याच्या आकडे दाखवणाऱ्या डब्यावर) वजन दिसतंय, पीसी चालू, प्रिंटर चालू, सर्व्हरही ठणठणीत. फक्त पीसी आणि सर्व्हरची गाठ पडत नव्हती. मधली केबल कुठून कुठे गेलीय, हे मला सांगता येईना. दोन तासांनी टाइम ऑफिसच्या टेबलाखाली धुळीनं माखलेला नेटवर्कचा एक छोटा स्विच (केबली एकमेकींना जोडणारा डबा) सापडला, दिवे बंद. मोबाईल चार्जिंगला लावायला कुणीतरी त्याचा प्लग काढला होता. आमच्या एक्सेलमध्ये त्याची नोंद होती: 'स्विच, ८ पोर्ट, १ नग, हजेरी मशीन.' काट्याची केबल त्याच्यातूनच पुढे जाते, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तोवर ट्रॅक्टरची रांग गेटबाहेर डांबरी रस्त्याला लागली होती. काट्यावरचे मामा वहीत हातानं वजनं लिहीत होते. उभ्या गाडीत ऊस वाळतो, वजन घटतं आणि ते शेतकऱ्याच्या बिलातून जातं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि त्या हिशेबाचा पहिला कागद म्हणजे ही स्लिप.

म्हणून आज कोऱ्या कागदाच्या मधोमध 'ऊस वजन स्लिप' एवढंच लिहिलं आणि तिथून मागे मागे गेलो. प्रिंटर, पीसी, इंडिकेटरची वायर लागते तो त्याचा सिरीयल पोर्ट, इंडिकेटर, काट्याखालचा वजन मोजणारा लोडसेल. दुसऱ्या अंगाला केबल, तो स्विच, त्याचा वीजपुरवठा, सर्व्हर, डेटाबेस, बॅकअप. प्रत्येक रेघेवर 'कशावर अवलंबून' ते लिहिलं. संध्याकाळपर्यंत २३ नोंदी झाल्या, त्यातल्या सहा एक्सेलमध्ये नव्हत्याच.

या नोंदींसाठी जीएलपीआय हे सॉफ्टवेअर वापरायचं ठरलंय. ते फुकट आहे, आणि त्याचा एजंट, म्हणजे पीसीवर बसवायचा छोटा प्रोग्राम, पीसीची रॅम, डिस्क, सिरीयल नंबर आपोआप गोळा करतो. पण हा स्विच बंद पडला तर काटा थांबेल, ही रेघ माणसालाच ओढावी लागते. कीबोर्ड-माऊस नोंदवायचे नाहीत, हे मी ठामपणे सांगितलं. नाहीतर हजार नोंदी होतील आणि महिन्याभरात कुणी त्यांच्याकडे बघणार नाही. इंडिकेटरवरून मात्र वाद झाला. तो इलेक्ट्रिकलचा, दरवर्षी वैधमापनची पडताळणीही तेच करून घेतात. देखभाल त्यांनीच करावी, पण नोंद आमच्यात हवी, कारण स्लिप त्याच्याशिवाय निघत नाही. शेवटी मान्य झालं.

काट्यावरचा पीसी विंडोज १० वर आहे आणि त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपतोय, ऐन हंगामाच्या तोंडावर. नवीन पीसी घ्यायचा तर सिरीयल पोर्टचं काय करायचं, हे आता निदान वेळेत विचारता येईल.

बदलाची नोंद कोण करणार, हे अजून सुटलेलं नाही. मला वाटतं, ज्यानं केबल हलवली त्यानंच, त्याच दिवशी. पण टाइम ऑफिसमधल्या माणसाला लॉगिन देऊन ते होणार नाही. स्विचवरच मोठं लेबल लावू: 'काटा चालू आहे, प्लग काढू नये,' खाली आमचा एक्स्टेन्शन नंबर.

उद्या सकाळी मामांना घेऊन काट्यापासून सर्व्हरपर्यंत केबलच्या मागोमाग चालत जायचं आहे. सायकल स्टँडजवळ ती जमिनीत जाते, तिथून पुढची रेघ आज कागदावर तुटक काढून ठेवलीय.