ऐन भरतीची प्रतिमा

काही वर्षांपूर्वी एकाच खाडीमुखाच्या दोन उपग्रह प्रतिमा मी शेजारी शेजारी ठेवून पाहत होतो. दोहोंत सुमारे तीन महिन्यांचे अंतर होते, आणि दुसरीत पाण्याकडच्या खारफुटीचा एक अख्खा पट्टा नाहीसा झालेला दिसत होता. तोडीची मात्र एकही खूण नव्हती. ना बांध, ना नवी वाट. त्या दिवसांचे भरती-ओहोटीचे तक्ते काढले तेव्हा उलगडा झाला. पहिली प्रतिमा ओहोटीची होती, दुसरी ऐन भरतीची. चिखलात नुकतीच रुजलेली बुटकी झाडे पाण्याखाली गेली होती, एवढेच.

हिरवे पान अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते आणि पाणी ते शोषून घेते. खारफुटी ओळखण्याची बरीचशी मदार या फरकावर असते. लँडसॅट किंवा सेंटिनेल-२ हा उपग्रह एखाद्या ठिकाणावरून दर खेपेस सकाळी जवळपास त्याच वेळेला जातो, भरती मात्र रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे प्रत्येक प्रतिमेत पाण्याची पातळी निराळी असते. त्यात लँडसॅटचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा ३० मीटर लांब-रुंद चौकोन. खाडीकाठची वीस मीटर रुंदीची रांग त्यात पाणी आणि चिखल यांच्याशी मिसळूनच नोंदवली जाते. सेंटिनेल-२चा १० मीटरचा पिक्सेल हा दोष कमी करतो, पण तो उपग्रह २०१५ मध्ये सोडला गेला. त्याआधीच्या काळासाठी लँडसॅटकडेच वळावे लागते.

म्हणून एकेका प्रतिमेवर निष्कर्ष काढू नये, वर्षभरातल्या शक्य तितक्या प्रतिमा एकत्र पाहाव्यात, असे मी आग्रहाने सांगतो. २००८ मध्ये लँडसॅटचा संग्रह विनामूल्य खुला झाल्यावरच हे सर्वांच्या आवाक्यात आले. ढगाळ किनाऱ्यांवर रडारची मदत होते, कारण त्याच्या लहरी ढगांतून आरपार जातात.

‘ग्लोबल मँग्रोव्ह वॉच’च्या नकाशांनुसार १९९६ ते २०२० या काळात जगातील खारफुटी सुमारे ५,२०० चौरस किलोमीटरने घटली. हा आकडा निव्वळ घटीचा आहे. नदीमुखाशी साचलेल्या नव्या गाळावर उगवलेले कोवळे रान त्यात जमेस धरलेले असते आणि कोळंबीच्या तळ्यांसाठी साफ केलेले जुने, दाट जंगल वजा केलेले असते, जणू दोन्हींचे मोल एकच. मला हे मनापासून खटकते. नष्ट झालेले आणि नव्याने उगवलेले क्षेत्र वेगवेगळे छापले गेले पाहिजे.

तळी ओळखणे त्या मानाने सोपे असते, कारण त्यांचे काठ सरळ असतात. कठीण जाते ते उभ्या झाडांचे मरण. २०१५-१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील कार्पेंटेरियाच्या आखातात सुमारे १,००० किलोमीटर किनाऱ्यावरची खारफुटी जागोजागी वाळली. तिथे कुऱ्हाड पडलेली नव्हती. एल निनोच्या काळात समुद्राची पातळी खाली गेली होती. जुन्या लँडसॅट प्रतिमा क्रमाने लावल्या की तिथला हिरवा पट्टा काही महिन्यांत राखाडी होताना दिसतो, आणि पुढच्या प्रत्येक ओहोटीच्या प्रतिमेतही तो राखाडीच राहतो.