पर्यटकांचे आकडे आणि प्रत्यक्षातील गर्दी : अ‍ॅमस्टरडॅम ते व्हेनिस

व्हेनिसमध्ये रिआल्तो पुलाजवळ सान बार्तोलोमिओ नावाचा छोटा चौक आहे. तेथील एका औषधांच्या दुकानाच्या काचेत 2008 पासून एक आकडा झळकत असतो. बेटांवरील जुन्या शहरात आज किती रहिवासी उरले आहेत, हे तो सांगतो. 1950 च्या सुमारास ही वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात होती. 2022 मध्ये ती 50 हजारांच्या खाली गेली. मे 2025 मध्ये आम्ही तिघे, म्हणजे मी, पत्नी आणि माझी 68 वर्षांची आई, त्या काचेसमोर उभे होतो. आकडा कशाचा आहे हे समजल्यावर आईने मागच्या गर्दीकडे पाहून विचारले, "मग ही एवढी माणसं मोजतं कोण?"

त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. युरोपातील कोणत्या शहरात किती पर्यटक जातात, याच्या याद्या पाहूनच आम्ही अ‍ॅमस्टरडॅम, पॅरिस, व्हिएन्ना आणि व्हेनिस असा हा पंधरा दिवसांचा प्रवास आखला होता. परंतु त्या याद्यांमधील आकडे एकाच मापाने मोजलेले नसतात, हे मला चारही शहरे पाहून झाल्यावरच उमगले. काही शहरे आलेली माणसे मोजतात, तर काही मुक्कामाच्या रात्री. आम्ही तिघे व्हिएन्नात चार रात्री राहिलो, म्हणजे आगमनांच्या नोंदीत आम्ही तीन आणि मुक्कामांच्या नोंदीत बारा. सकाळी येऊन संध्याकाळी परतणारा माणूस या दोन्ही नोंदींत येत नाही. शिवाय शहराची हद्द कोठपर्यंत धरायची, हा प्रश्न उरतोच. लंडनचा आकडा सुमारे 1,570 चौरस किलोमीटरच्या महानगराचा असतो. पॅरिस शहर जेमतेम 105 चौरस किलोमीटरचे आहे आणि व्हर्सायचा राजवाडा व डिस्नेलँड ही दोन्ही ठिकाणे त्याच्या हद्दीबाहेर आहेत. त्यामुळे आकडा शहराचा की भोवतालच्या प्रदेशाचा, यावर पॅरिसचे यादीतील स्थान बदलते.

प्रवासाची सुरुवात अ‍ॅमस्टरडॅमपासून केली, कारण कॉयकेनहॉफची ट्यूलिपची बाग मेच्या मध्यापूर्वी बंद होते आणि शाळांच्या सुट्टीत महाराष्ट्रातून निघणाऱ्यांना तेवढाच आठवडा मिळतो. या शहराने 2021 मध्ये पाहुण्यांच्या मुक्कामांवर वर्षाला 2 कोटी रात्रींची मर्यादा ठरवली आणि पुढे ती ओलांडलीही गेली. 2 कोटी म्हणजे रोज सुमारे 55 हजार पाहुणे. व्हिएन्नाचा 2024 चा आकडा 1 कोटी 89 लाख रात्री, म्हणजे जवळजवळ तेवढाच आहे. परंतु व्हिएन्नाची लोकसंख्या 20 लाखांवर आहे आणि अ‍ॅमस्टरडॅमची साडेनऊ लाखांच्या आत. एकाच वजनाचे ओझे दोन वेगळ्या खांद्यांवर आहे आणि कालव्याकाठच्या अरुंद रस्त्यांवर चालताना ते जाणवते. येथे खोलीच्या भाड्यावर 12.5 टक्के पर्यटक कर लागतो आणि जानेवारी 2026 पासून निवासावरील मूल्यवर्धित करही 9 वरून 21 टक्के झाला आहे, हे हॉटेलांच्या दरांची तुलना करताना विसरू नये. अ‍ॅन फ्रँक या नाझींपासून लपून रोजनिशी लिहिणाऱ्या मुलीच्या घराची तिकिटे फक्त ऑनलाइन मिळतात आणि ती दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरच्या भेटींसाठी खुली होतात. उन्हाळ्यात ती खुली होतात तेव्हा आपल्याकडे दुपारचा दीड वाजलेला असतो. मी बुधवारी संगणक उघडला आणि आमच्या तारखांची सर्व तिकिटे संपलेली होती. आईने शाळेत शिकवताना त्या मुलीविषयी मुलांना अनेकदा सांगितले होते, त्यामुळे त्या घराबाहेरून परत फिरताना मला फार वाईट वाटले. म्हणून सांगतो, व्हिसाची वाट न पाहता हा मंगळवार आधी दिनदर्शिकेत लिहून ठेवावा.

पॅरिसमध्ये आम्ही पाच रात्री राहिलो. सर्वाधिक मुक्काम फ्रान्समध्ये असल्यामुळे शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातील अनेक देशांसाठी मिळून एकच असणाऱ्या व्हिसाचा, अर्जही फ्रान्सकडेच केला होता. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शुल्क जून 2024 पासून 90 युरो आहे आणि किमान 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पॅरिसचे रस्ते इतके रुंद आणि वस्त्या इतक्या पसरलेल्या आहेत की शहर म्हणून त्याची गर्दी अंगावर येत नाही. ती येते लूव्र संग्रहालयात. 1989 मध्ये उघडलेले काचेच्या पिरॅमिडचे प्रवेशद्वार वर्षाला सुमारे 40 लाख लोकांसाठी योजलेले होते. 2018 मध्ये तेथे 1 कोटींहून अधिक आणि 2024 मध्ये 87 लाख लोक आले. रोज 30 हजारांची मर्यादा घातलेली असूनही मोनालिसाच्या दालनात उभे राहायला जागा नसते. आम्ही परतल्यानंतर काही आठवड्यांनी, 16 जून 2025 रोजी, तेथील कर्मचाऱ्यांनी याच गर्दीला कंटाळून अचानक काम थांबवले, हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही. दिवसभर त्या दालनांत लोकांना वाट दाखवणाऱ्या माणसांचा थकवा आम्ही जवळून पाहिला होता.

लूव्र मंगळवारी बंद असते, तर बुधवारी आणि शुक्रवारी रात्री 9 पर्यंत उघडे असते. आम्ही शुक्रवारी सायंकाळी 5 ची वेळ घेतली, मोनालिसाला दुरूनच पाहिले आणि रिशलिए विभागात गेलो. तेथे रुबेन्सने राणी मारी द मेदिचीच्या आयुष्यावर काढलेली 24 भव्य चित्रे एकाच दालनात आहेत. आई बाकावर बसून तासभर ती पाहत होती आणि तेवढ्या वेळात दालनात फार तर वीस माणसे आली असतील. आम्ही प्रत्येकी 22 युरो दिले होते. जानेवारी 2026 पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरील, म्हणजे आपल्यासारख्या, प्रवाशांना 32 युरो द्यावे लागतात; म्हणून घाईत दीड तास उरकण्यापेक्षा संपूर्ण संध्याकाळ त्यासाठी राखावी.

व्हिएन्नाविषयी फार लिहिण्यासारखे नाही आणि यातच त्या शहराचे कौतुक आहे. शनब्रुन राजवाड्याची बाग सकाळी साडेसहालाच उघडते आणि तिला तिकीट नाही. आधी बाग पाहून राजवाड्यात पहिल्या वेळेला शिरावे.

तेथून थेट रेल्वेने, आल्प्समधून साडेसात तासांहून थोडा अधिक प्रवास करून आम्ही शुक्रवारी दुपारी व्हेनिसला उतरलो. स्थानकाबाहेरच कर्मचारी प्रवेशशुल्काची तपासणी करत होते. हे शुल्क 25 एप्रिल 2024 पासून सुरू झाले. 2025 मध्ये ते 54 दिवसांसाठी, सकाळी साडेआठ ते दुपारी 4 या वेळेत होते : किमान चार दिवस आधी भरल्यास 5 युरो, उशीर केल्यास 10. शहरात मुक्काम करणाऱ्यांना ते माफ असते. परंतु संकेतस्थळावर नोंदणी करून सवलतीचा क्यूआर कोड घ्यावाच लागतो. तो आमच्याजवळ होता, म्हणून अर्ध्या मिनिटात सुटलो. आमच्यामागच्या एका कुटुंबाकडे हॉटेलची पावती होती, पण कोड नव्हता, आणि ते बराच वेळ तेथेच अडकले. शुल्काच्या दिवसांची यादी दरवर्षी बदलते, ती तिकिटे काढण्यापूर्वी पाहावी.

मी 2014 मध्येही व्हेनिसला आलो होतो, एका मराठी सहलगटाबरोबर. आमचे हॉटेल पादुआ या शेजारच्या शहराजवळ होते. बसने त्रोंकेत्तो या वाहनतळाच्या बेटापर्यंत, तेथून बोटीने सान मार्को या मुख्य चौकात, चार तास छायाचित्रे, आणि परत. व्हेनिसच्या मुक्कामांच्या नोंदीत त्या दिवशी आमच्या चाळीस जणांचा मागमूसही नव्हता. मात्र चौकातील जागा आम्ही पुरेपूर व्यापली होती. मेस्त्रेमध्ये उतरलो असतो तर मोजले गेलो असतो, कारण मुख्य भूमीवरील ते उपनगर व्हेनिस नगरपालिकेतच येते. आईच्या प्रश्नाचे उत्तर मला या आठवणीत सापडले आणि ते मी तिला रात्री जेवताना सांगितले.

या वेळी आम्ही कान्नारेज्जो भागात दोन रात्री राहिलो. संध्याकाळी सहानंतर दिवसभराचे प्रवासी निघून जातात, आणि सकाळी आठपूर्वी सान मार्कोच्या चौकात झाडणारे कामगार आणि मोजके रहिवासी एवढेच असतात. बेटावरचे हॉटेल महाग पडते, यात शंका नाही. पण तीन दिवसांऐवजी दोनच दिवस राहा, परंतु बेटावर राहा, असे मी आग्रहाने सांगेन. वृद्ध माणसे बरोबर असतील तर वाटेत पायऱ्यांचे पूल किती आहेत, हे हॉटेलला आधी विचारावे. आम्ही नकाशावर केवळ अंतर पाहिले होते. तीन पूल ओलांडताना दोन मोठ्या बॅगा आणि आईचा हात एकाच वेळी धरणे जमले नाही. परतताना जड सामान मी आदल्या रात्रीच स्थानकावरील सामानघरात ठेवून आलो, आणि सकाळी सात वाजता आई रिकाम्या हातांनी, प्रत्येक पुलावर थांबत, स्थानकापर्यंत चालत आली.